पुळीनं घासलेलं इंजिन

तंजावूर, ६ जुलै २०२५

रघोजी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. अक्षर ओळखशील. देवनागरी तुला मीच शिकवली, दाराबाहेरच्या तिण्णैवर, ओट्यावर, बसवून, माझ्या कॉलेजच्या संस्कृत पुस्तकावरून. आशीर्वाद आहेतच. आधी काम.

तुझं पितळी इंजिन माझ्याकडे आहे. १९८६ च्या दसऱ्यानंतर तू पुण्याला गेलास तेव्हा ते देवघरात टाकून गेलास. मी हलवलं नाही. गेली एकोणचाळीस वर्षं दर शुक्रवारी ते समईबरोबर घासलं जातं. आता ते इतकं गुळगुळीत झालंय, की नवीन माणसाला ते पूजेचंच काहीतरी वाटतं.

हे पत्र हरिणी तुला वाचून दाखवत असेल, तर तिच्यासाठी लिहिते. पोरी, तुझे आजोबा, आमचे अप्पा, अनिरुद्धराव तिरुवैयारूपलीकडच्या एका साखर कारखान्यात इंजिन चालवायचे. शेतातला ऊस दोन फुटी रुळांवरून कारखान्यात आणायचं. लॉऱ्या आल्या, रूळ उखडले, चार वर्षांनी अप्पा गेले. मग तुझ्या बापानं त्या इंजिनाची वीतभर प्रतिकृती केली. पितळ कासारगल्लीतलं, चाकं कुठल्याशा घड्याळाची. त्यानंतर आठ महिने बसून त्यावर धूर, गंज, तेलाचे ओघळ रंगवले. शेवटच्या हंगामात अप्पांचं इंजिन जसं दिसायचं, हुबेहूब तसं.

त्या वर्षी आयुधपूजेला घरातली हत्यारं, पुस्तकं देवापुढे मांडत होते. इंजिन काळंकुट्ट दिसलं. आपल्याकडे पूजेला मळकं पितळ ठेवत नाहीत. मी पुळीनं घासून लख्ख केलं. (हरिणी, पुळी म्हणजे चिंच.) तो मळ मुद्दाम केलेला आहे हे मला माहीत नव्हतं.

ते आता मला पूर्ववत करायचं आहे. हरिणीचा फोन आला होता. गच्चीवरच्या खोलीतला तुझा लेआउट, ते पलंगाएवढं गाव, कालवा, ऊस, आठ इंजिनं, सगळं दिवाळीनंतर मोडून वाटून टाकणार म्हणालास. का, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मोडण्याआधी हे इंजिन एकदा तुझ्या रुळांवर उभं राहावं, एवढंच मला हवं आहे.

तेव्हा कळव: गंज कुठे होता, काजळी कुठे, आणि कुठला रंग आधी. मी बाहत्तर वर्षांची आहे, शिकवलेलं अजून समजतं.

मंगलाअक्का


२२ जुलै

रघोजी,

कार्ड मिळालं. दोन ओळी. "इंजिन इकडे पाठवू नये. पुळीनं रंग निघत नाही."

पाठवत नाही. टपालात चुरा होईल, ते मलाही कळतं. दुसरी ओळ वाचली.

कामाची प्रगती. आपल्या गल्लीच्या तोंडाशी मुरली रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. इंजिन त्याच्याकडे नेलं. आतली मोटर जाम झाली होती. एकोणचाळीस शुक्रवारांचं म्हणू नकोस, एकोणचाळीस वर्षांच्या शुक्रवारांचं पाणी तिच्यात गेलेलं. त्यानं कुठल्याशा खेळण्यातली बारकी मोटर बसवली. मग इंजिन चाललं, पण चाकं जागच्या जागी फिरायची आणि इंजिन तिथंच. मी म्हटलं, वजन कमी पडतंय, बॉयलरमध्ये शिसं भर. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीच्या ना? हे फिजिक्स आहे." मी म्हटलं, तू शिसं भर. आता त्याच्या बाकावरून स्क्रूड्रायव्हर ओढत नेतं.

चिमणीच्या पाठीमागचा दिवा अडकवायचा कंस तू केलाच नव्हतास. अप्पांच्या इंजिनाला होता. मी तांब्याच्या तारेचा करून झाळला. चुकलं असेल तर कळव.

रंगाआधीचा पहिला थर बसला आहे. गंज मी घरीच केला. खिळे, व्हिनेगर, मीठ, गच्चीवर चार दिवस ऊन. छत्तीस वर्षं मुलींना लोखंडाचे ऑक्साइड शिकवले, बाजारातून गंज विकत आणणार नाही. अंबा स्वयंपाकाला येते, ती रोज येऊन बघते. काल म्हणाली, "अक्का, मला भांडी घासायला लावता, आणि स्वतः बसून एका भांड्याला मळ लावता. त्यापेक्षा ते मला घासायलाच देऊ नका, आपोआप होईल." तसं बघितलं तर तिचं बरोबर आहे.

मंगलाअक्का


४ ऑगस्ट

रघोजी,

"खरा गंज वापरू नये. दाणा मोठा दिसतो. काजळी शेवटी." ठीक. काजळी शेवटी हे मला सुचायला हवं होतं, रोज तीच वरून पडायची. गंजाचं मात्र मला हसू आलं. खरी वस्तू छोट्या इंजिनावर खोटी दिसते, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मलमलीतून चारदा गाळून पाहिला, तरी भिंगाखाली दगडच. शेवटी तपकिरी आणि नारिंगी रंग पाण्यात पातळ करून लावले. पण रंग जुळेना. गंज म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे परीक्षानळीच येते.

म्हणून काल तिरुवैयारूला गेले. आडी अठरा होती, कावेरीला पाणी भरपूर, घाटावर बायकांची गर्दी, पिवळे दोरे, चित्रान्नाचे डबे. मी ओटी भरली आणि रिक्षावाल्याला म्हटलं, जुन्या उसाच्या रुळांकडे ने. त्याला माहीत नव्हते. त्याच्या बापाला माहीत असते.

बांध अजून आहे. त्यावर आता डांबर आहे. कारखान्याच्या जागी लग्नाचा हॉल. पण कालव्यापाशी शाळा आहे ना, तिच्या व्हरांड्यात घंटा म्हणून रुळाचा हातभर तुकडा टांगला आहे. आपलाच रूळ. मी ब्रश, रंगाच्या डब्या आणि एक पांढरा कागद घेऊनच गेले होते. रविवार होता, कुणी नव्हतं. पायरीवर बसून त्याच्या गंजाचे सात पट्टे कागदावर उतरवले. नारिंगी नाहीच. वांग्याच्या सालीसारखा आहे, आणि कडेला फक्त जरा विटकरी. सोबत तो कागद पाठवते, बघ.

तिथे बसल्यावर रविवार आठवले. बस आपल्याला कालव्यापाशी सोडायची आणि अप्पा इंजिन हळू करायचे, थांबवायचे नाहीत. एका हातानं पायरीजवळचा उभा दांडा धरून बाहेर झुकायचे आणि दुसऱ्या हातानं आधी तुला, मग मला उचलून घ्यायचे. मला म्हणायचे, "परकराची काळजी नको, आवय धुवेल." (हरिणी, आवय म्हणजे आई.) फावड्यावर रताळी भाजायचे. तुझं रताळं नेहमी मोठं. मी तेव्हाही मोजत होते.

त्यांच्या अंगाला कोळसा, मळी आणि तापलेल्या तेलाचा वास यायचा. ते दहा मैल सायकल मारून घरी यायचे, विहिरीवर अर्धा तास अंग घासायचे, तरी यायचा.

मंगलाअक्का


२६ ऑगस्ट

रघोजी,

फोटो हरिणीच्या फोनवर पाठवले होते. तुझं कार्ड आलं: "दोन्ही बाजू सारख्या केल्यास. इंजिन कधी वळत नव्हतं."

आधी मी चिडले. तीन आठवड्यांचं काम होतं. मग पुन्हा ते कार्ड वाचत बसले आणि तुझं पटलं. तिथे इंजिन फिरवायची चकती नव्हती. शेताकडे जाताना ते उलटं जायचं आणि कारखान्याकडे येताना सरळ. तोंड कायम दक्षिणेला. म्हणजे उजव्या बाजूनं सतरा वर्षं फक्त पश्चिमेचं ऊन खाल्लं. तिकडचा हिरवा रंग विटून राखेसारखा झाला होता. डावी बाजू कालव्याची, अप्पांच्या उभं राहण्याची. ती ओली, तेलकट, गडद. पाणी घेताना बॉयलरवरून सांडायचं त्याचे पांढरे ओघळही डावीकडेच. हे तुझ्या मूळ कामात होतं. मी पुसलेल्या कामात.

उजवी बाजू पूर्ण काढायची ठरवली. रंग काढायला अ‍ॅसिटोन आणला. बाटली उघडली आणि त्या वासानं हातातलं काम थांबलं.

तेव्हा आता तुझ्या पहिल्या कार्डातल्या दुसऱ्या ओळीबद्दल.

पुळीनं रंग निघत नाही. बरोबर आहे. पुळी पितळाचा काळेपणा काढते, रंगाला ती काही करत नाही. मी रसायनशास्त्राची अध्यापक होते, आणि तू इंजिनियर. आपण दोघंही हे एकोणचाळीस वर्षं जाणून होतो आणि घरात पुळीचीच गोष्ट सांगितली जात होती, कारण आवय होती आणि तिला खरं कळू द्यायचं नव्हतं. पूजेच्या आदल्या दिवशी मी प्रयोगशाळेतून अ‍ॅसिटोनची बाटली पिशवीतून आणली. तू बाहेर होतास. मी विहिरीपाशी बसून एक तासभर तुझे आठ महिने काढले. पुळी नंतर लावली, चकाकीसाठी. तो मळ केलेला आहे हे मला माहीत होतं. जवळून पाहिलं होतं, एकेक ओघळ.

का, ते तुला माहीत आहे असं मी समजून होते. तरी लिहिते, कारण मी कधी लिहिलेलं नाही.

१९७३. माझी प्रॅक्टिकलची परीक्षा. रेकॉर्डवही घरी राहिली. अप्पा रात्रपाळी करून आले, वही पाहिली, अंग न धुता तशीच सायकल काढली. तू पुढच्या दांडीवर. कॉलेजच्या दारात मी चार मुलींबरोबर उभी होते. एकीनं विचारलं, हे कोण. मी म्हटलं, "मिलमधला माणूस आहे."

अप्पांनी ऐकलं. तूही ऐकलंस, सायकल धरून उभा होतास. अप्पांनी वही धोतराच्या आतल्या, स्वच्छ बाजूनं धरली होती. दोन पावलं मागे राहून त्यांनी ती पुढे केली आणि म्हणाले, "घ्या अम्मा. घरच्यांनी पाठवली आहे."

मला त्यांनी परक्या बाईला म्हणतात तसं अम्मा म्हटलं. घ्या म्हटलं.

घरी कुणी बोललं नाही. अप्पा तर नाहीच. मला त्या प्रॅक्टिकलला पंचाण्णव गुण मिळाले. तेरा वर्षांनी तू ते इंजिन देवापुढे, माझ्या पुस्तकांच्या शेजारी ठेवायला काढलंस, तसंच काळं, तेलकट. मला वाटलं तू मला ते दार दाखवतो आहेस. दुसऱ्या दिवशी नातेवाईक यायचे होते. मला ते त्यांच्यासमोर नको होतं.

एवढंच. सबब नाही.

उजवी बाजू काढून झाली आहे. उद्यापासून पुन्हा.

मंगलाअक्का


१६ सप्टेंबर

रघोजी,

तीन आठवडे झाले, कार्ड नाही. मी टपालवाल्याला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तो लांबूनच मान हलवत गेला. विचारणं बंद केलं.

उत्तर नको असेल तर देऊ नकोस. कामाचं कळवते.

उजवी बाजू ऊन खाल्लेली झाली. हिरव्यात पांढरा मिसळून नव्हे, तर हिरव्यावर राखेचा पातळ हात, मग कोरड्या ब्रशानं फक्त कडा. पाण्याचे ओघळ पानाच्या चुन्यानं केले, सुईच्या टोकानं. काजळीसाठी आधी घरचं काजळ लावून पाहिलं. तुपाचं असतं, चकाकतं. धूर चकाकत नाही. मग पितळी ताट धरून त्याखाली कापूर जाळला. त्याची काजळी कोरडी येते, मखमलीसारखी. ब्रशानं चिमणीभोवती नुसती झटकली आणि मागे, छपरावर, जाऊ दिली. कापराचा वास आला म्हणून अंबा हात जोडून आत आली. इंजिन पाहिलं आणि म्हणाली, "याची आरती केलीत?"

एक गोष्ट मी लपवली होती, तीही सांगून टाकते. लेआउट का मोडतोस हे हरिणीनं पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. तुझे हात थरथरतात. ब्रश धरता येत नाही, गाडी रुळांवर ठेवताना डबे पडतात, आणि तू खोलीला कुलूप लावलंस. तिनं मला शपथ घातली होती. तुझ्या कार्डांवरचं अक्षर पाहून मला तसंही कळलं असतं. तिच्यावर रागावू नकोस.

आता ऐक. माझे हात स्थिर आहेत. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, गुडघे गेले आहेत, पण हात चांगले आहेत. छत्तीस वर्षं ब्युरेट धरला, थेंब थेंब सोडला. तुला काय कुठे हवं ते दिसतं, आणि मला ते दिसत नाही, हे या तीन महिन्यांत सिद्ध झालं. दोन्ही बाजू सारख्या करणारी बाई मी. तू खुर्चीवर बसून सांग, मी करते. तुझी दुसरी आठ इंजिनं अजून नव्यासारखी चकचकीत आहेत, असं विघ्नेश म्हणाला. जावई आहे, खोटं कशाला बोलेल. या एका इंजिनानंतर तू कधी कुठलं मळवलं नाहीस, हे त्यानंच सांगितलं. ते ऐकून मी फोन ठेवला.

इंजिन पूर्ण झालं आहे. फक्त एका जागेला मी ब्रश लावलेला नाही. कुठल्या, ते लिहीत नाही.

"इंजिन इकडे पाठवू नये" असं तू लिहिलंस. मीही अजून तिकीट काढलेलं नाही.

मंगलाअक्का


२ ऑक्टोबर, विजयादशमी

रघोजी,

कार्ड परवा आलं. चार ओळी आहेत. पहिली आणि शेवटची शाई वेगळी आहे, म्हणजे तुला बरेच दिवस लागले. इथे उतरवून ठेवते, कारण तुझं अक्षर मला लावावं लागलं आणि चुकलेलं असेल तर मला ते हवं आहे.

"मी दार दाखवत नव्हतो. अप्पांचं इंजिन केलं, एवढंच. त्या दिवशी सायकलवर मी रडत होतो, तेव्हा अप्पा म्हणाले, खोटं काय बोलली ती, मिलमधलाच माणूस आहे मी, आणि वही मिळाली ना तिला. गच्चीवरचे रूळ काढलेले नाहीत. पायरीजवळचा दांडा रंगवू नकोस."

मी ते कार्ड वाचून स्वयंपाकघरात गेले आणि अंबाला उगाच भाजी खारट झाली म्हणून बोलले. भाजी अजून चुलीवर होती.

काल आयुधपूजा झाली. इंजिन तसंच काळं, तेलकट, माझ्या पुस्तकांच्या शेजारी ठेवलं. अंबानं आपल्या बोटानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. ते मी पुसलेलं नाही. अप्पांच्या इंजिनालाही पूजेचं कुंकू पोंगलपर्यंत असायचं, धुरानं तपकिरी होत होत जायचं. काल दिवसभर पूजेतल्या कशाला हात लावायचा नव्हता, म्हणून लावला नाही. आज उचललं.

मुरलीला दाखवलं. त्यानं ते भिंगाखाली चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, एवढी मेहनत केलीत, आणि हा एक दांडा चकचकीत राहिला बघा. द्या, मी काळा करून देतो." मी त्याच्या हातातून इंजिन काढून घेतलं.

हे पत्र माझ्याआधी पोचावं म्हणून पुढच्या गुरुवारी निघते. चेन्नईहून पुण्याची गाडी, शनिवारी सकाळी पोचते. स्टेशनवर तू येऊ नकोस, विघ्नेशला पाठव. इंजिन मांडीवर घेऊन बसणार आहे, सामानात नाही. हरिणीला सांग, मला बेसिनजवळची खोली दे आणि खिडकीपाशी एक टेबल, उत्तरेचा उजेड येईल असं. ब्रश मी आणते आहे. कापूरही.

दांडा रंगवला नव्हता. सतरा वर्षं तिथे त्यांचा हात होता, काळं कुठून बसणार.

आज सकाळी तो एकदा घासला. पुळीनं. नुसत्या पुळीनं.

मंगलाअक्का